चष्म्याचा ळ

पहिल्या दोन पाट्या मोहन पिंपळेनं एका बैठकीत रंगवल्या. तिसऱ्या पाटीवर त्याचा ब्रश अडला.

आता मोहनचा ब्रश अडणं म्हणजे साधी गोष्ट नाही. फॅक्टरीच्या पेंट शॉपमध्ये ह्या माणसानं चौतीस वर्षं पेट्यांवर नंबर अन् नावं लिहिली. स्टेन्सिल हरवलं की साहेब ओरडायचे, "पिंपले को बुलाओ," अन् हा हातानंच असं लिहून द्यायचा की छापलं का लिहिलं ते समजत नसे. शिक्षण म्हणाल तर आठवी, तेही हिंदी शाळेत, अन् आठवीत दोनदा बसून. पण अक्षर असं, की ह्या हिंदी मुलखातल्या कांचघर मोहल्ल्यात आजही कितीतरी दुकानांच्या पाट्या त्याच्याच हातच्या लटकून राहिल्या आहेत.

म्हणून तर पुण्याहून आलेल्या गीतांजली मॅडम म्हणाल्या होत्या, "काका, घर तुमचं, अक्षरही तुमचंच असू द्या."

घर म्हणजे कवेलूच्या छपराचं, सहा खणांचं. मागच्या बाजूला मोहन अन् त्याची बायको विनता राहत. पुढच्या दोन खोल्या अन् त्यांना लागून एक कोठरी, हा भाग पूर्वी भाड्यानं दिलेला असे. त्या दोन खोल्यांत पासष्ट-सहासष्ट वर्षांपूर्वी एक रेल्वेचा क्लार्क राहत होता, त्याची बायको दवाखान्यात नर्स, अन् त्यांची एक पोरगी. ती पोरगी पुढे पुण्याला गेली अन् शरयू मांडवकर झाली. मोठी लेखिका. शाळेच्या पुस्तकात तिचे धडे. मरायच्या आधी तिनं जे शेवटचं पुस्तक लिहिलं, ते ह्याच घरातल्या लहानपणाचं. ती गेली अन् दोन वर्षांनी तिच्या लोकांची समिती, ह्याच गीतांजली मॅडम पुढे, पत्ता शोधत मोहनच्या दारात आली. इथे स्मारक करू म्हणाली. मोहननं चहा संपायच्या आत हो म्हणून टाकलं. गल्लीत सांगतही फिरला, "आपल्या इथं म्युझियम होऊन राहिलं. रविवारी उद्घाटन. या सगळे."

पहिली पाटी, 'बैठकीची खोली'. दुसरी, 'स्वयंपाकघर'. तिसरी कोठरीच्या दारावर लावायची होती. मॅडमनं कागदावर मजकूर लिहून दिला होता. मोहननं तो एकदा वाचला, पुन्हा वाचला, अन् ब्रश रॉकेलच्या डब्यात ठेवून आत हाक मारली.

"विनता, इकडे ये बरं. हे मला समजून नाही राहिलं."

विनता नागपूरची. मराठी शाळेतली दहावी. पिठाचे हात पदराला पुसत आली, कागद लांब धरला अन् वाचला.

"'शिक्षेची कोठडी. घरमालकीण कुमुद पिंपळे लहानग्या शरयूला दुपारभर येथे कोंडून ठेवत असे. या अंधारानेच लेखिकेच्या कल्पनेला पंख दिले.'" वाचून झाल्यावर तिनं कागद खाली घेतला. मग हळूच म्हणाली, "अवो, हे तर आईंबद्दल आहे."

"आईबद्दल आहे ते समजलं मला. पण शिक्षा द्यायची तर कोंडायचं काहून? शिकवायला दार लावून घेत असन."

"शिक्षा म्हणजे शिकवणं नाही जी. शिक्षा म्हणजे सजा. छडी मारणं, कान धरून उभं करणं."

"सजा? मग आपल्या इथलं शिक्षा विभाग काय लोकांना छड्या मारत फिरते?"

"ते हिंदीत. मराठीत शिक्षा म्हणजे सजाच."

"बेचाळीस वर्षं झाली लग्नाला. आज सांगून राहिली?"

"तुम्ही शेजाऱ्यांना सांगत असा, हमारे घर में शिक्षा पर पूरा ध्यान है. पहिली दोन वर्षं मला वाटे, ह्या घरात सगळ्यांना रोज मारतात की काय."

एरवी मोहन हसला असता. तो कागदाकडेच पाहत राहिला. कुमुद पिंपळे म्हणजे त्याची आई. तिचं माहेर मराठीच, पण तीन पिढ्या बरगीकडच्या गावात गेलेल्या, त्यामुळे बोलणं सगळं हिंदी. घरात नवऱ्याशी मोडकंतोडकं मराठी बोले, बाकी पोराशी, भाजीवाल्याशी, देवाशीसुद्धा हिंदीच. मोहनला आपल्या आईचा एका गोष्टीचा लय अभिमान. कोणी शिकण्याचा विषय काढला की हा सांगायचाच, "आमची आई त्या काळात चौथी पास होऊन आली होती, बरगीसारख्या भागातून." अन् आपण आठवीत दोनदा बसलो ते त्या दमात झाकून टाकायचा.

तीच आई आता एका पोरीला कोंडणारी म्हणून पाटीवर चढणार होती. अन् तिला चढवणार कोण, तर हा. स्वतःच्या हातानं, काळ्या रंगात.

"आई त्या कोठरीला 'शिक्षा की कोठरी'च म्हणे," मोहन म्हणाला. "मला सांगे, जा बेटा, शिक्षा की कोठरी से सूप ले आ. म्हणजे तिथं ती त्या पोरीला शिकवत असन. चौथी पास होती ना! बस, विषय संपला."

"ते मॅडमला सांगा," विनता म्हणाली. "मला सांगून पाटी थोडीच बदलणार आहे?"

दुपारी मॅडम आल्या. बरोबर पिशवीत एक जाडजूड लोखंडी साखळी.

"काका, ही कोठडीच्या दाराला बाहेरून बसवायची. पुस्तकात कडी आहे, आणि आज दाराला बाहेरून काहीच नाही. बघणाऱ्याला कळलं पाहिजे ना."

"तेच तर म्हणून राहिलो मॅडम. बाहेरून काही नाहीच. ह्या दाराला कडी आहे ती आतून. कोंडायचं असन तर कडी बाहेरून लागते ना?"

"साठ-पासष्ट वर्षांत कड्या बदलतात काका."

"कडी बदलते, चौकट नाही बदलत. सागाची आहे, माझ्या आजोबानं बसवलेली. बाहेरच्या अंगाला एक भोक दाखवा. बोट फिरवून पाहा."

मॅडमनं खरंच बोट फिरवलं. भोक नव्हतं. पण बाई पुस्तकवाल्या. त्यांनी पिशवीतून पुस्तक काढलं, खूण घातलेलं पान उघडलं अन् वाचून दाखवलं. "'दुपारी काकी मला शिक्षेच्या कोठडीत न्यायची, कडी लावायची आणि ऊन उतरेपर्यंत सोडायची नाही.' हे शरयूताईंचं वाक्य आहे. महाराष्ट्रात लोकांना पाठ आहे. ते माझ्याच्यानं कसं बदलणार? ताई असत्या तर विचारलं असतं. तुमच्याकडे लेखी काही आहे का?"

मोहन आत गेला. पत्र्याच्या पेटीतून स्वतःचं सहावीचं प्रगतिपत्रक घेऊन आला. गणितात बावीस मार्क होते, तिथं अंगठा ठेवून खालची सही दाखवली. शाळेनं वर छापलेलं, 'मोहन पिंपले'. हिंदीत ळ नाही, म्हणून शाळेत, फॅक्टरीत, राशन कार्डावर, सगळीकडे हे घराणं पिंपलेच. मोहन स्वतःही सही पिंपलेच करे. पण आईची सही होती, 'कुमुद पिंपळे'. ळ मोठा मजेशीर. चष्म्यासारखा, पण एक काच मोठी अन् एक बारीक.

"आई त्याला चश्मेवाला ल म्हणे. जिभेनं कधी आला नाही तिला. बाळ म्हणायचं तर बाल म्हणे. पण लिहितानी सोडला नाही. आता सांगा, असं लिहिणारी बाई लेकराला कोंडन का?"

गीतांजली मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी सही बराच वेळ पाहिली. मग म्हणाल्या, "काका, ह्यानं एवढंच कळतं की त्यांना लिहिता येत होतं. लिहिता येणारी माणसंही मुलांना कोंडतात हो. मला वाईट वाटतंय. पण शुक्रवारपर्यंत पाटी झाली नाही तर मला फ्लेक्स छापून लावावा लागेल."

फ्लेक्स! पेंटरच्या घरात उभं राहून बाईनं हा शब्द काढला.  मोहननं साखळी उचलून मागच्या अंगणात नेऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कोठरीत स्टूल टाकून बसला. कोठरी म्हणजे चार पावलं इकडे, तीन पावलं तिकडे. वर एक झरोका. त्याच्यासमोरची भिंत पाहता पाहता त्याला एक गोष्ट आठवली. आईनं ह्या भिंतीला कधी खिळा ठोकू दिला नव्हता. दिवाळीत सगळ्या घराला चुना मजूर लावत, पण ही एक भिंत आई स्वतः पोतत असे. मोहन पेंट शॉपमध्ये लागल्यावर एकदा म्हणाला होता, आई, दे, मी चांगला जाड हात देतो. तर आईनं कुंचा सोडला नाही. "पतला ही अच्छा है," म्हणाली होती.

मोहन उठला अन् त्यानं आपली खरवडायची लोखंडी पट्टी काढली.

रंग काढणं हे लावण्यापेक्षा कठीण. लावणारा चुकला तर वरून लावते, काढणारा चुकला तर संपलं. मोहननं भिंतीवर पाण्याचा हात फिरवला, थांबला, अन् पट्टी आडवी धरून पापुद्रा उचलत गेला. वरचा पिस्ता रंग त्याचाच, सात-आठ वर्षांपूर्वीचा. त्याखाली निळीचा. त्याखाली पांढऱ्यावर पांढरा, पांढऱ्यावर पांढरा, आईच्या दिवाळ्या. मग पट्टीखाली काहीतरी खरखरलं. त्यानं फुंकर मारली.

प्लास्टरमध्ये खिळ्यानं कोरलेला एक अ होता.

"विनता! ये लवकर! चष्मा घेऊन ये!"

विनता येईपर्यंत त्यानं आ अन् इ काढला होता. सरळ, टोकदार, एका ओळीत बसवलेली अक्षरं. अन् प्रत्येकाच्या खाली तेच अक्षर पुन्हा, पण वाकडं, कुठं घसरलेलं, कुठं फुटलेलं.

"पाहिलं?" मोहनचा आवाज चढला होता. "वरचं आईचं, खालचं त्या पोरीचं. शिकवत होती! मी म्हटलं नव्हतं? आण तो फोन, मॅडमला बोलावतो. साखळी घेऊन आल्या होत्या!"

"थांबा," विनता म्हणाली. ती भिंतीजवळ उकिडवी बसली होती. "खाली अजून आहे. तेवढं काढा."

मोहननं काढलं. काढतानी त्याचं तोंड चालू होतं, पण हळूहळू बंद पडलं. खाली वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, 'कुमुद'. त्याखाली पुन्हा 'कुमद'. पुन्हा 'कुमुद'. सहा वेळा. बाजूला सरळ, टोकदार अक्षरात, '१० पैकी ४'.

त्याखाली वाकड्या अक्षरात, 'पिंपळे'. चष्म्याचा ळ. एक काच मोठी, एक बारीक.

अन् त्याच्या बाजूला सरळ अक्षरात एक ओळ. विनतानं ती मोठ्यानं वाचली. "'काकी, ळ चुकला. पुन्हा काढा.'"

विनतानं त्या वाकड्या 'पिंपळे'वरून बोट फिरवलं. बाहेर भंगारवाला ओरडत गेला.

"उलटं आहे जी," शेवटी विनता म्हणाली. "पोरगी शिकवत होती. आई शिकत होत्या."

"अन् मग चौथी पास?"

"लग्नात सांगितलं असन त्यांच्या वडिलांनी. सांगत असत तेव्हा. माझ्या बापानं माझं वय दोन वर्षं कमी करून सांगितलं होतं."

"काय?"

"ते मग बोलू. आधी हे पाहा."

मोहन स्टुलावर बसून राहिला. आठ वर्षांची पोरगी अन् तिच्यासमोर खिळा धरून बसलेली बाई. मागच्या खोलीत सासू झोपलेली, जिला सून चौथी पास म्हणून सांगून दिली होती. म्हणून दुपार. म्हणून आतून कडी. मोहन तेव्हा पोटात असन, नाहीतर पाळण्यात. त्याला काय माहीत. त्यानं तर आयुष्यभर गल्लीत, फॅक्टरीत, सोयऱ्यांत छाती फुगवून सांगितलं, अन् आई बाजूला बसून ऐकत राहिली. एकदाही नाही म्हणाली नाही. मान खाली घालून पोळ्या लाटत राही, ती मान कशानं खाली जात होती ते त्याला आज समजलं.

जरा वेळानं तो उठला अन् बादलीत चुना कालवू लागला.

"हे काय करून राहिले?"

"बुजवतो. आईनं आतून कडी लावली होती विनता. सासूला समजू दिलं नाही, बाबाला नाही, मलाही नाही. मी कोण काढणारा? रविवारी सारं गाव येईन, अन् मी दाखवू का, पाहा, आमची आई अंगठाछाप होती?"

"ठीक आहे," विनता म्हणाली. "बुजवा. अन् मग अंगणातली साखळी आणून देते, ती ठोका बाहेरून. भिंत बुजली की मॅडमची पाटीच खरी ठरणार."

मोहन चुना ढवळत राहिला. विनता त्याच्याजवळ येऊन उभी राहिली.

"मी पेंटर नाही," ती म्हणाली. "तुम्ही सांगा मला. एखाद्याला अशी कोरलेली भिंत कायमची बुजवायची असली तर तो काय करते?"

"मातीचा एक हात द्यायचा. नाहीतर चुन्यात रेती घालून जाड लेप. एका दिवसाचं काम."

"मग आईंनी दरवर्षी काय दिलं?"

मोहनचा हात थांबला. पतला ही अच्छा है. पातळ चुना खोबणीत भरून बसते, अक्षराची धार जाऊ देत नाही. बुजवायचं असतं तर दिवाळीचे मजूर घरात होते, पोरगा पेंटर होता. कुंचा सोडला नाही बाईनं. लपवलं अन् जपलं, दोन्ही एकाच हातानं. अन् सही? सही तर तिनं शाळेच्या मास्तरसमोर, बँकेत, पोस्टात, भर उजेडात केली. लोक म्हणत, बाई, पिंपले लिखो, हमारे यहां ये अक्षर नहीं है. आई म्हणे, हमारे यहां है.

मोहननं बादली उचलली अन् नालीत ओतून दिली. मग फोन लावला. "मॅडम, या. साखळी नाही लागत. चष्मा घेऊन या."

गीतांजली मॅडम आल्या. त्यांना दोघांनी काही सांगितलं नाही, फक्त झरोक्याचं फळकूट पूर्ण उघडून दिलं. बाई चांगल्या साडीवर तशाच जमिनीवर बसल्या. पहिल्या ओळीपासून वाचत गेल्या. '१० पैकी ४' पाशी हसल्या. 'काकी, ळ चुकला' पाशी त्यांचं हसू गेलं.

"हे ताईंचंच अक्षर आहे," त्या म्हणाल्या. "क चा पाय असाच ओढायच्या. शेवटपर्यंत." मग त्या भिंतीकडेच पाहत बोलल्या, ह्या दोघांकडे नाही. "काका, चूक ताईंची नाही. माझी आहे. पुस्तक छापायला जाताना हस्तलिखित मी तपासलं. ताई दवाखान्यात होत्या, त्यांनी नंतर पाहिलंच नाही. त्यांनी लिहिलं होतं, काकी मला शिक्षा की कोठरीत न्यायची, आतून कडी लावायची. मला वाटलं, हिंदी घुसलंय. मी शिक्षा की कोठरीचं शिक्षेची कोठडी केलं. आणि कोंडायचं तर आतून कडी कशी, म्हणून 'आतून' खोडलं. मला वाटलं, मी शुद्ध करतेय."

विनतानं मोहनकडे पाहिलं. आता हा फ्लेक्सचा विषय काढणार, असं तिला वाटलं. मोहननं डोक्यावरचा रुमाल काढून घाम पुसला.

"मॅडम, एकदा मी चारशे पेट्यांवर 'इधर ऊपर' लिहिलं. सुंदर लिहिलं. साहेबानं पाहायला यावं इतकं सुंदर. अन् सगळ्या पेट्या उलट्या ठेवलेल्या होत्या, ते मला कोणी सांगितलं नव्हतं. होते असं. उठा, चहा घ्या."

"पुढच्या आवृत्तीत मी दुरुस्त करते. माझं नाव घालून."

"ते तुमचं तुम्ही पाहा. मला पाटी पूर्ण करायची आहे. मजकूर मी सांगतो, तुम्ही फक्त शिक्षा की कोठरीला हात लावू नका."

"नाही लावत," मॅडम म्हणाल्या.

संध्याकाळी अंगणात पाटी लाकडी घोड्यावर ठेवली. मॅडम अन् विनता खाटेवर बसल्या. मोहननं आधीची खडूची रेघ पुसली, नवी मारली अन् लिहायला घेतलं. चौतीस वर्षांच्या हातानं, थेंब न सांडता.

'शिक्षा की कोठरी. शरयू मांडवकर यांची पहिली शाळा. वय वर्षे आठ. विद्यार्थिनी एक.'

इथं तो थांबला. ब्रश पुसला, बारीक ब्रश घेतला.

"शेवटी किती मार्क होते म्हणालात?" मॅडमनं विचारलं.

"एकदम खाली, कोपऱ्यात निघाले. दहापैकी नऊ."

त्यानं 'कुमुद' लिहिलं. 'पिं' लिहिला, 'प' लिहिला. मग ळ वर आला अन् एक काच मोठी काढली, एक बारीक. शेवटी वर मात्रा देऊन 'पिंपळे' पूर्ण केलं. बाकी सगळी पाटी छापल्यासारखी, अन् मधोमध हे एक अक्षर लहान पोरानं काढल्यासारखं.

खाटेवर गीतांजली मॅडम पुढे झुकल्या. बोट उचललं. "काका, तो ळ..."

"हो," मोहन म्हणाला. "त्याचाच एक मार्क कटला होता."

मॅडमनं बोट खाली घेतलं.

पाटीच्या खालच्या कोपऱ्यात पेंटरचं नाव टाकायची त्याची सवय होती. बारीक अक्षरात, नेहमीचं, 'पिंपले पेंटर'. आज त्यानं 'पिंप' लिहिलं अन् जरा वेळ ब्रश हवेत धरला. हाताला सवय नव्हती. लिहिलेला ळ थोडा डावीकडे कलला.

विनता खाटेवरून उठून आली, चष्मा नाकावर सरकवून तिनं पाहिलं.

"दहापैकी चार," ती म्हणाली. "पुन्हा काढा."